मात्रा

वाक्य किती लांब जातं यावरून
मी माणसं ओळखते. मुद्रितशोधनाची सव्वीस वर्षं.
हेरंब म्हणजे अर्धविराम, कंस,
कंसात आणखी एक कंस, आणि मग मूळ मुद्दा:
आंबिल ओढा पूर्वी कुठून वाहायचा.
रात्रशाळेत भूगोल, घरी भूगोल,
ताटावर बसला तरी भूगोल.

सोमवारी सर्दी झाली. अख्ख्या वाड्यावस्तीला होती.
मंगळवारी खोकला. बुधवारी रात्री
उशीवर उशी. "साधी सर्दीय गं."
निळा पंप दोनदा. मग तीनदा. मग
मी मोजणं सोडलं, म्हणजे
मोजायला हवं होतं तेव्हाच सोडलं.
रोजचा, तपकिरी, कपाटावर,
गणपतीच्या आवराआवरीत ठेवला तिथेच.
"बरं असताना कशाला? सवय लागते."
हे त्याच्या आत्याचं वाक्य.
आत्याला जाऊन अकरा वर्षं झाली, वाक्य राहिलं.

गुरुवारी त्यानं चहा मागितला तो असा:
"चहा. दे. जरा."
तीन पूर्णविराम.
हा माणूस एरवी चहा मागायला आसामवरून येतो.

पहाटे तीन. पलंगाच्या कडेला,
हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत,
गळ्याखाली, बरगड्यांच्या मधे
दर श्वासाला खळगा.
आणि शिट्टी थांबलेली.
दोन रात्री भिंतीपलीकडे ऐकू जाणारी घरघर
गप्प. क्षणभर मला हायसं वाटलं,
कोरं पान बघून शिकाऊ पोराला वाटतं तसं:
चूकच नाही!
अरे, कोरं म्हणजे काही उमटलंच नाही.
हवाच जात नाही तर वाजेल काय?

आडवं होऊ दिलं नाही. ताठ बसवलं.
प्लास्टिकच्या त्या भोपळ्याला निळा पंप जोडला,
एक दाब, चार-पाच श्वास,
हलवला, पुन्हा एक दाब.
एकशे आठ लावला, गाडी लांब होती;
खालच्या बबन शेलारनं लुंगीवरच रिक्षा काढली.
टिळक रोड मोकळा, सिग्नल नुसते पिवळे मिचकावणारे,
शेलार प्रत्येक खड्ड्याला महापालिकेचं नाव घेत होता
आणि मी दाब मोजत होते. सात. आठ.
ओठांचा रंग दिव्याच्या उजेडात कळेना.

बोटाला चिमटा: अठ्ठ्याऐंशी.
मुखवटा, वाफ, शिरेत सुई.
उजाडता उजाडता शिट्टी परत आली
आणि डॉक्टर तांबोळी, वेणी सुटलेली, म्हणाली,
"वाजतंय. छान."

मग प्रश्न. निळा पंप किती दिवस पुरतो?
"महिना. कधी. तीन आठवडे."
रात्री जाग येते?
"थंडीत. सगळ्यांनाच."
जिना?
"वरच्या मजल्यावरचे वर्ग. सोडले. दिवाळीत."
हे मला ठाऊक नव्हतं.
ती म्हणाली, "सर्दीनं दार ढकललं फक्त.
कडी कधीचीच निघाली होती."

तिनं दिलेला कागद फ्रिजवर आहे.
हिरवा, पिवळा, लाल; कधी काय घ्यायचं,
कधी थांबायचं नाही, निघायचंच.
'नियमीत' लिहिलं होतं, मी ऱ्हस्व केलं.
खाली रोजच्या पंपाची मात्रा:
सकाळी दोन, रात्री दोन, मग चूळ.
गळलेली मात्रा
मला हातभर लांबून दिसते.
कपाटावरची नाही दिसली.

रविवारी त्यानं मीटरमध्ये फुंकलं. तीनशे दहा.
"अजून पिवळ्यात," म्हणाला, "आणि नकाशात पिवळा
म्हणजे, बरं का, पठार, आता पठार कसं तयार होतं
तर लाव्हा, म्हणजे आपल्या पायाखालचाच
(तू सिंहगडाचा कडा नीट बघितलायस का कधी?
नाही, खालून नव्हे, कल्याण दरवाजाकडून)..."

दूध उतू गेलं.
वाक्य चालूच.